कारभारी तात्याचं युरोपचं सिम

सायखेड्याच्या कारभारी खालकरला एखादी वस्तू विकत घेताना फार थोड्यांनी पाहिलं होतं. भाव विचारताना मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. साधा मिक्सर घ्यायचा तर हा गृहस्थ निफाड, नाशिक रोड आणि नाशिकचा मेन रोड असं तिन्हीकडे फिरून यायचा, एका दुकानदाराला दुसऱ्याचा भाव सांगून त्याचं डोकं खायचा आणि घरी येऊन बायकोला, चंद्रभागेला, सांगायचा, "दुनिया मूर्ख हाय म्हणून दुकानं चालतात." मिक्सर घरात यायला दीड वर्ष लागलं. तोवर चंद्रभागेने पाट्यावरच वाटण वाटलं. मिक्सर आला तो चांगला होता हे कबूल करायला हवं. पण दीड वर्षाचं वाटण वाटलं कोणी, हा प्रश्न कारभारीच्या डोक्यात कधी आला नाही.

ट्रॅक्टरचं तेच, योगिनीच्या लग्नाचं तेच. पोरीसाठी आलेल्या स्थळांच्या त्याने वहीत ओळी आखल्या होत्या. त्याचा बाप फकिरा याच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला तेव्हा कारभारीने नाशिकच्या चार दवाखान्यांची माहिती काढली. भिंग कुठलं, डॉक्टर किती वर्षांचा, टाके घालतात की नाही, सगळं. माहिती काढता काढता वर्ष गेलं आणि म्हाताऱ्याचा उजवा डोळा गेला तो गेलाच. कारभारी लोकांना सांगत राहिला की डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र जिल्ह्यात कोणाचं झालं नसेल इतकं चांगलं झालं. अशा माणसाचं काय करायचं? गावाने त्याला शहाणा म्हणायचं ठरवलं होतं, कारण नाही म्हटलं तर तो समोर बसवून समजावून सांगायचा, आणि तेवढा वेळ कोणाकडे नव्हता.

या कारभारीची द्राक्षं गेली सात-आठ वर्षं युरोपात जात. माल घेणाऱ्या कंपनीने यंदा बारा बागाईतदारांना अकरा दिवसांच्या दौऱ्याला न्यायचं ठरवलं आणि त्यात त्याचं नाव आलं. विमान, हॉटेल, जेवण, बस सगळं कंपनीचं. निवडायला काहीच शिल्लक नव्हतं, त्यामुळे दोन दिवस कारभारी उदास होता. मग कोणीतरी म्हणालं की मोबाईलचं ज्याचं त्याने बघायचं आहे. त्याच्या अंगात एकदम जीव आला.

औषधफवारणीच्या डायरीची मागची पानं त्याने सिमकार्डांसाठी आखून काढली. आपल्याच नंबरावर परदेशाचा पॅक मारायचा, तो एक प्रकार. नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या दुकानात मिळणारं तयार परदेशी सिम, तो दुसरा. तिथे उतरल्यावर विमानतळावर घ्यायचं, तो तिसरा. एका रकान्यात जीबी, एकात दिवस, एकात देश. हॉटस्पॉट देतं का, भारतात बोलायला किती मिनिटं, पासपोर्ट दाखवावा लागतो का, पहिला फोन केल्यावर दिवस मोजतात की सिम टाकल्यावर. त्याने एक गोष्ट तर अशी शोधली की ती ऐकून दौऱ्यातल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या: युरोपच्या बऱ्याच सिमांना स्वित्झर्लंड धरलेला नसतो. हॉलंडमध्ये घेतलेलं सिम बेल्जियममध्ये चालतं, फ्रान्समध्ये चालतं आणि स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरलं की मुकं होतं. ही माहिती त्याने महिनाभर इतक्यांदा सांगितली की जणू काही ती हद्द त्यानेच आखली होती.

कॅनडा कॉर्नरच्या दुकानात तो चार वेळा गेला. काउंटरवर भाग्यश्री नावाची मुलगी होती. चौथ्या वेळी तिने हसून विचारलं, "काका, आज घेणार ना?" कारभारीला ते हसणं अजिबात आवडलं नाही. पण सिम त्याने घेतलं. वीस जीबी, पंधरा दिवस, स्वित्झर्लंड धरून, भारतात बोलायला शंभर मिनिटं, आणि किंमत आपल्या मोबाईल कंपनीच्या पॅकच्या निम्म्याहून कमी. घेतल्यावर त्याने तिला स्वतःच्या भारतातल्या नंबरावरचं परदेशी रोमिंग पूर्ण बंद करून द्यायला लावलं. चुकून एखादा फोन लागायचा आणि कंपनी खिसा कापायची.

"काका, एखाद्या अडचणीला तुमचा नंबर चालू असलेला बरा. तिकडून मग सुरू करता येणार नाही," ती म्हणाली.

"अडचण अभ्यास न करणाऱ्याला येते," कारभारी म्हणाला, आणि पोरीकडे असं पाहिलं की ती मुकाट्याने बटणं दाबायला लागली.

खरी अडचण घरी होती, ती म्हणजे बाग. दौरा मे महिन्यात होता. खरड छाटणी होऊन महिना उलटलेला, वेलींवर कोवळी फूट, आणि याच दिवसांत काडीच्या डोळ्यांत पुढच्या सालचा घड धरतो. कारभारीची अडीच एकराची बाग मुरमाड जमिनीत होती. पारा बेचाळीसवर, आणि ठिबकचं पाणी सलग तीन दिवस चुकलं तर फूट करपणार, डोळे वांझ राहणार आणि पुढचं अख्खं वर्ष हातचं जाणार. अकरा दिवस पाणी कोण देणार हे आधी ठरवायला हवं होतं.

कारभारीने ते ठरवलंच नव्हतं, कारण त्याच्या मते त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. विहिरीवरच्या मोटारीला त्याने चार वर्षांपूर्वी मोबाईल स्टार्टर बसवला होता. सगळे त्याला डबा म्हणत. डब्यात एक सिम असतं. आपल्या मोबाईलवरून त्या नंबरला फोन लावायचा, एक रिंग वाजते, फोन आपोआप कटतो आणि मोटार सुरू होते. दोन तासांनी ती आपोआप बंद होते. अर्थात डबा निवडायलाही आठ महिने गेले होते. पाच जणांचे नंबर त्यात टाकता येत. कारभारीने एकच टाकला, स्वतःचा. डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या जुडग्यात ठेवली. तेव्हापासून तो विहिरीकडे फिरकायचा बंद झाला. मोटार तो सायखेड्याच्या चौकात चहा पिताना सुरू करायचा, चार माणसं बघत असताना.

निघायच्या आदल्या दिवशी चंद्रभागा म्हणाली, "माझा नंबर टाकून ठेवा त्या डब्यात. तुम्ही एवढे लांब चालले."

"लांब म्हणजे काय? फोनला लांब-जवळ नसतं. रोज तिकडून चालू करीन. तू फक्त पाणी आलं का ते सांगायचं. डब्याला हात लावू नको, तुझ्याच्यानं बिघडायचा."

चंद्रभागा त्याचे कपडे बॅगेत भरायला लागली. छत्तीस वर्षांच्या संसारात ती अशा वेळी काही बोलत नसे, आणि कारभारी त्याचा अर्थ तिला पटलं असा घेत असे.

विमानतळावर त्याने बाकीच्या अकरा जणांची झडती घेतली. चांदोरीचा महेश हा पस्तिशीतला बागाईतदार सगळ्यांत बिनडोक निघाला. त्याने घरबसल्या आपल्याच नंबरावर महागडा पॅक मारला होता. दोन मिनिटांत.

"तुलना केली का?" कारभारीने विचारलं.

"नाय तात्या. नंबर तोच राहतो, बरं पडतं."

"मेंढरं," कारभारी पुटपुटला, पण महेशला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. संतोष नावाच्या दुसऱ्या एकाने तिथे उतरल्यावर सिम घ्यायचं ठरवलं होतं. त्याला कारभारीने स्वित्झर्लंडची गोष्ट पुन्हा ऐकवली.

रॉटरडॅमच्या हॉटेलात पहिल्या सकाळी सहाला तो उठला. तेव्हा सायखेड्यात साडेनऊ वाजलेले असतात आणि त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची होती. नवं सिम टाकलेल्या मोबाईलवरून त्याने डब्याला फोन लावला. एक रिंग वाजली, कट झाली. नेहमीसारखीच. त्याने व्हॉट्सॲपवर चंद्रभागेला विचारलं, पाणी आलं का. तिचा आवाज आला, "हो, आलं."

बस्स. त्या दिवसापासून या माणसाबरोबर प्रवास करणं अवघड होऊन बसलं. शीतगृहात गोरा माणूस द्राक्षाच्या साठवणुकीचं सांगत होता आणि कारभारी शेजारच्याला सांगत होता की हजारो मैलांवरून आपण बागेला पाणी दिलं. ब्रुसेल्समध्ये सांगितलं. पॅरिसला सगळे मान वर करून मनोऱ्याकडे बघत होते, तेव्हाही सांगितलं. निम्म्या पैशांत वीस जीबी, स्वित्झर्लंड धरून, आणि वर मोटारसुद्धा! त्याने युरोप पाहिला तो एवढाच. लोकांना मात्र त्याने रोज दाखवून दिलं की त्यांनी डोळे झाकून पैसे उधळले आहेत, आणि त्यांचं तोंड पडलं की त्याला दुपारचं जेवण गोड लागायचं.

सहाव्या दिवशी सकाळी बस स्वित्झर्लंडमध्ये शिरली. दहा मिनिटांत संतोषचा मोबाईल मुका झाला. कारभारी सीटवरून उठून उभाच राहिला.

"काय सांगितलं होतं? काय सांगितलं होतं मी?"

संतोष बिचारा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याची बायको उज्वला रोज याच वेळेला घरून फोन करायची. कारभारीने स्वतःचा हॉटस्पॉट त्याला दिला असता तर काही बिघडलं नसतं. चौदा जीबी पडून होते. पण मग धडा कसा मिळाला असता?

इतक्यात चंद्रभागेचा आवाजी निरोप आला. सकाळपासून लाइट नव्हती, आत्ता आली आहे. कारभारीने तो निरोप सगळ्या बसला ऐकवला. "आता बघा," तो म्हणाला, "इथून मोटार लावतो."

मागच्या सीटवरून महेशने विचारलं, "तात्या, तुमच्या डब्यात या परदेशी सिमचा नंबर टाकलाय का?"

"कशाला टाकायचा?"

"नाय, माझ्याकडं तोच डबा हाय. नंबर टाकलेला नसला तर तो फोन कट करतो, पण मोटार चालू करत नाय. म्हणून तर मी माझाच नंबर चालू ठेवला. त्या पॅकचा मला तेवढाच उपयोग."

कारभारी हसला. डबा नंबर बघतो हे त्याला माहीत होतं. ते त्याला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. त्यासाठीच तर दुसऱ्या कोणाचा नंबर त्याने टाकू दिला नव्हता. सिमांचे रकाने आखताना ही गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ गेली होती. फोन त्याचा, बोट त्याचं, मग डबा त्याला ओळखणार नाही असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पण मग पाच दिवस पाणी येत होतं ते कसं? म्हणजे चंद्रभागा खोटं बोलत होती. नवरा परदेशात काळजी करील म्हणून हो हो म्हणत होती आणि बाग तिकडे करपत होती. बायकांना कुठे काय बोलावं कळत नाही. पाच दिवस! बेचाळीस डिग्रीत पाच दिवस! तरीही, आपलं चुकलं असेल यापेक्षा बायको खोटारडी असेल हे त्याला जवळचं वाटलं.

"काकूंना व्हिडिओवर घेऊ का?" महेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "खात्री होऊन जाईल. बागेचा प्रश्न हाय."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. कारभारीने नंबर सांगितला. महेशच्या मोबाईलवर चंद्रभागा दिसली, डोक्यावर पदर, मागे विहिरीचा कठडा. आजूबाजूच्या सीटवरची माणसं वाकून बघायला लागली.

"काकू, मी चांदोरीचा महेश. तात्या इथंच हायेत."

"बरे हायेत ना?" ती घाबरून म्हणाली.

"मला काय धाड भरली?" कारभारी मध्येच म्हणाला. "तू डब्यापाशी जा. मोबाईल डब्यासमोर धर. आणि लांब उभी राहा. हात लावायचा नाय. काय?"

"बरं."

पडद्यावर डब्याची लोखंडी पेटी आली. कारभारीने आपला मोबाईल सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि फोन लावला. एक रिंग वाजली, कट झाली. पेटीच्या फटीत लाल दिवा लागला आणि विझला. मोटार गप्प होती. त्याने पुन्हा लावला. दिवा लागला, विझला. तिसऱ्यांदा लावला. बसच्या इंजिनाशिवाय कुठलाच आवाज येत नव्हता.

"अहो," पलीकडून चंद्रभागा म्हणाली, "आता मी लावू का? लाइटचा काय भरवसा नाय आज. ऊन लय तापलंय."

"तू कशी लावणार? कुलूप हाय त्याला. किल्ली माझ्याकडं हाय."

"ते कुलूप कधीच बदललं. तुमची किल्ली नाय लागत त्याला."

बारा माणसांना ऐकू गेलं. तिला कोण कोण ऐकतंय हे ठाऊक नव्हतं, म्हणून ती घरात बोलावं तशी बोलत होती.

"बदललं? कोणी बदललं?"

"मोतीराम वायरमननं. दोन वर्षं झाली. उंदरानं आतल्या वायरी खाल्ल्या होत्या. तुमचा फोन आला की दिवा नुसता लागतो नि विझतो, मोटार काय चालू होत नाय. मोतीराम म्हणला, नवा डबा टाका नायतर बटणावर चालवा. मी बटणावर करून घेतलं."

"दोन वर्षं?" कारभारीचा आवाज चिरकला. "मग मोटार कोण लावतं?"

"मीच की. दिवा लागला की समजायचं, तुमच्या मनात पाणी द्यायचं आलंय. मग बटण दाबायचं. कधी तुम्ही चौकात बसता नि तुमच्या मनात येतच नाय, तवा मी आधीच दाबते."

कोणी हसलं नाही. हसले असते तर कारभारीला त्यांच्यावर डाफरता आलं असतं. संतोष आता त्याच्याकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. कारभारीने आयुष्यभर लोकांकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात कीव कधीच नव्हती, त्यामुळे ती कशी सोसायची हे त्याला माहीत नव्हतं.

"मला सांगायला काय झालं होतं तुला?" तो ओरडला. ओरडण्याखेरीज त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

चंद्रभागा सरळ म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही चार महिने डबे बघत फिरला असता. तोवर बागंत काय राहिलं असतं?"

तिने पेटी उघडली, हिरवं बटण दाबलं आणि मोटारीचा आवाज त्या परक्या देशातल्या बसमध्ये भरून राहिला. मोटार लावायला तिला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त महेशला पॅक मारायला लागला असेल.

"ठेवू का आता?" तिने विचारलं. "खालच्या ओळींत नळ्या बघायच्यात."

या बाईला कारभारीने छत्तीस वर्षांत सांगितलं पुष्कळ होतं. विचारायची वेळ कधी आली नव्हती.

"बाग..." तो म्हणाला, आणि आवाज इतका खाली गेला की महेशला मोबाईल त्याच्या तोंडाजवळ न्यावा लागला. "बाग कशी हाय?"

"बघा की," असं म्हणून चंद्रभागेने मोबाईल फिरवला आणि ती ओळींतून चालायला लागली. फूट कमरेच्या वर गेली होती. शेंडे वेळेवर खुडलेले होते, जास्तीची फूट विरळून काढलेली होती, काड्या तारेवर नीट बांधलेल्या होत्या. कारभारीने महेशच्या हातातून मोबाईल घेतला आणि डोळ्यांपाशी धरून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बारकाईने बघत राहिला. कुठेतरी काहीतरी चुकलेलं सापडेल म्हणून त्याने एकेक वेल पाहिली, आणि त्याला काही सापडलं नाही.